चारशे किलोमीटरवरून पूर्णा

दसरा उलटला की माझ्या स्टुडिओत शांतता पसरते. एरवी तिथं फार गर्दी उसळलेली असते असं समजू नका; पण चातुर्मासात देव झोपतात, लग्नं थांबतात आणि माझ्यासारखा लग्नाचा फोटोग्राफर पासपोर्ट साइजवर येतो. "मान जरा डावीकडे घ्या. नाही, तुमची डावी. हसू नका. इतकंही गंभीर नको, पोलिसांत द्यायचा नाहीये." तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिवसाकाठी असे चार चेहरे. उरलेला वेळ मी दुकानाच्या दारात उभा राहतो आणि अमरावतीचं आभाळ पाहतो.

यंदाही ते तसंच आहे. चार महिने पावसानं धुतलेलं आणि मग आश्विनाच्या उन्हात वाळत घातलेलं. दर्यापूरकडून कापसाच्या गाड्या येऊ लागल्या आहेत, आणि रस्त्याकडेच्या बाभळींनी त्यांतला थोडा थोडा कापूस ओढून आपल्या काट्यांना लावून घेतलाय. सोयाबीन निघालेली रानं काळीभोर उघडी पडलीत. हवेत धूळ नाही, धुकं अजून यायचंय. लांबचा डोंगर एकदम जवळ आल्यासारखा दिसतो. असे दिवस आले की मला चार वर्षांपूर्वीचा तो दीड महिना आठवतो. त्या दीड महिन्यात मी एकही फोटो धड काढला नाही, आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो पाहिला.

तो मी काढलेला नव्हता, हे ओघानं आलंच.

माझी कुसुमआत्या अकोल्याला असते. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिथल्या एका मुलींच्या शाळेत तिनं बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "सवडच नाई मिळाली. एक परीक्षा झाली की दुसरी लागून असे." आमचं मूळ गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठावर. आत्या त्या नदीत पोहायला शिकली, त्या नदीच्या रेतीत तिनं टरबुजं खाल्ली, आणि पुढे बत्तीस वर्षं तीच नदी तिनं फळ्यावर काढली. निळा खडू घ्यायचा, उजवीकडून सुरुवात करायची आणि हात न उचलता डावीकडे एक लांब, गुळगुळीत रेघ ओढायची. वर्गातल्या मुली श्वास रोखून पाहत. अकोल्यात आज पन्नाशीला आलेल्या कितीतरी बाया डोळे मिटून ती रेघ काढून दाखवतील.

दर दसऱ्याला आत्या सोनं द्यायला आमच्याकडे येते. त्या वर्षी मी तिला घ्यायला बडनेऱ्याला स्टेशनवर गेलो. गाडीतून उतरली, सरळ माझ्याकडे चालत आली आणि माझ्या शेजारून पुढे निघून गेली. मला वाटलं, रागावली. मागच्या खेपेला मी तिच्या चष्म्याच्या घराला लेन्सचं घर समजून बॅगेत टाकून आणलं होतं, ते आठवलं असेल. मी मागून हाक मारली तशी थांबली.

"तू होय गजू! मले वाटलं खांब हाय."

माझ्या देहयष्टीकडे पाहून मला खांब म्हणणारं माणूस विरळा. मी ते कौतुकाच्या खात्यात टाकलं.

त्या संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाल्यावर मी माझी हौस भागवायला बसलो. स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीतच आहे. तिथं अल्बम जुळवायचा मोठा पडदा आहे. बायकोला आणि आत्याला खुर्च्या दिल्या आणि मला त्या दिवसांत लागलेलं वेड त्यांच्यापुढे उघडलं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकातून तिथं राहणाऱ्या माणसांनी काढलेले फोटो.

ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, लाज वाटून. एका फोटोत खाली पृथ्वीची काळी पाठ, तिच्या कडेवर वातावरणाची पातळ हिरवी साय, आणि त्या सायीच्या वर तारे. नुसते तारे नव्हेत. शटर उघडं ठेवल्यानं प्रत्येक ताऱ्याची एक कमान झालेली, आणि खाली शहरांचे दिवे ओघळून सोन्याच्या तारा झालेल्या. मधेच कुठं वीज चमकली होती, तिचा जांभळा ठिपका. दुसऱ्या फोटोत याच्या उलट. तारे अगदी टिपक्यांसारखे स्थिर, आकाशगंगा सांडलेल्या रांगोळीसारखी. मी वाचलं ते असं, की स्थानक सतत फिरत असतं, म्हणून तारे पुसले जातात. तर तिथल्या एका माणसानं हाताशी असलेल्या सुट्या भागांतून एक फिरती बैठक जुळवली. स्थानक जितकं एका बाजूला वळेल तितकाच कॅमेरा दुसऱ्या बाजूला वळायचा. म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळणाऱ्या घरात बसून त्यानं कॅमेरा ताऱ्यांपुरता निश्चल धरला.

इकडे मी! नवरदेव घोड्यावर बसला की माझा फोटो हलतो. घोडा उभाच असतो.

मी हे सगळं हातवारे करून सांगत होतो. बायको, वैशाली, माझे फोटो दाखवताना जशी जांभई देते तशी या वेळी दिली नाही, हे मी नोंदवून ठेवलं. आत्या मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, मान तिरकी करून पाहत होती. पक्षी दाण्याकडे पाहतात तसं.

"हे यंत्रानं काढले का माणसानं?" तिनं विचारलं.

"माणसानं. खिडकीशी बसून, हातात कॅमेरा धरून. दीड तासात पृथ्वीला एक चक्कर."

"मंग कवा ना कवा तो आपल्यावरूनबी गेला असंन न?"

"गेला असेल की. पुष्कळदा."

"मंग त्यानं खाली पाह्यलं असंन. आपली पूर्णा पाह्यली असंन." ती मागे टेकली. "तो फोटो पायजे मले."

मी हसत फोनवर उपग्रहाचा नकाशा काढला, दर्यापूर दाखवलं, नदी दाखवली. घे, ही तुझी पूर्णा. आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ सरकवला आणि मला परत दिला.

"हे गोधडीसारखं जोडेल हाय. हा तुकडा उन्हाळ्याचा, हा हिवाळ्याचा. याच्यात पाहनारा कुठी हाय? मले कोनीतरी पाहेल पूर्णा पायजे. एका दमात."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पासपोर्ट फोटो आणि माणसाचा फोटो यांत फरक काय, हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आलोय. माझ्याच आत्यानं तो मला सांगितला तेव्हा पटायला अर्धं मिनिट लागलं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. तिला बडनेऱ्याला सोडायला गेलो, गाडीला वेळ होता, चहा घेतला. तेव्हा ती म्हणाली, "डोळ्याच्या पडद्याची मधातली जागा झिजून राह्यली रे. डावा तर गेलाच समज. उजवाबी त्याच वाटेनं हाय. डॉक्टर सुई देते डोळ्यात, पन म्हणते, काही महिने. मंग मधात काही दिसनार नाई. बाजूबाजूचं दिसन."

मी तिच्या हातातली पिशवी माझ्याकडे घेतली.

"घरी कोनाले सांगू नको. तुले सांगतलं, कारन तू बोलतो लय आन ध्यानात काही ठेवत नाई."

"आत्या, असं काय—"

"चेहरे सारे पाहून झाले माह्ये. पुस्तकंबी झाले. पूर्णा तेवढी वरून पाहाची राह्यली. जिंदगीभर लोकायले वरून दाखवली न मी. स्वतः नाई पाह्यली."

गाडी आली. तिला चढवून दिलं, आणि मी घरी येताना ठरवलं की हा फोटो शोधायचा. वेळ होताच. देव अजून झोपलेले होते.

आता हे काम मला सोपं वाटलं होतं. अंतराळातल्या या माणसांनी काढलेला सगळा फोटोसंग्रह कोणालाही पाहायला खुला आहे. नकाशावर बोट ठेवलं की त्या भागाचे फोटो समोर येतात, आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ, भिंग किती मिलिमीटरचं तेही लिहिलेलं. मी पहिले तीन दिवस भिंगांचे आकडे वाचण्यातच घालवले. मग शोधायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की हिमालयाचे फोटो ढिगानं आहेत. गंगेच्या मुखाचे आहेत. मुंबई रात्रीची आहे, सोनाराच्या पेटीसारखी. आमच्या शेजारचं लोणारचं सरोवर आहे, कारण गोल दिसलं की वरून कोणालाही मोह होतो. वऱ्हाड मात्र नाही. असलं तर लोणारच्या फोटोच्या कोपऱ्यात कापलेलं. नाही तर ढगाखाली. नाही तर रात्रीचं, त्यात अकोला आणि अमरावती दोन ठिणग्यांसारख्या, आणि मधला सगळा अंधार. तो फोटो मी आत्याला फोनवर वर्णन करून सांगितला.

"दिवे दिसते," ती म्हणाली. "नदीले कोनी दिवे लावले नाई न. पुढं पाहाय."

मला त्या कॅमेरावाल्यांचा राग येत नव्हता. मी त्यांना ओळखत होतो. प्रत्येक लग्नात एक माणूस असं असतं की जे पहाटेपासून राबतं, पंगतीत वाढतं, पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळतं, आणि अल्बम तयार झाला की एकाही फोटोत नसतं. फोटोग्राफर कोणाकडे पाहतो? चकाकतं त्याच्याकडे. माझ्या चुलतभावाच्या लग्नाचा अल्बम मीच केला होता, बत्तीस पानी, मखमली. त्यात कुसुमआत्या कुठंच नाही. एका फोटोत तिचा हात आहे, अक्षतांचं ताट धरलेला. आठ वर्षांनी ते माझ्या लक्षात आलं, तेही वऱ्हाड शोधताना.

आणि त्यांची अडचणही मला कळत होती. सरळ वर गेलं तर ते स्थानक आमच्यापासून चारशे किलोमीटरवर. म्हणजे पुण्यापेक्षा जवळ. पुणं आम्हाला तसंही सगळ्याच अर्थांनी लांब. पण त्याचा वेग असा की अकोल्याहून अमरावती बारा-तेरा सेकंदांत. अख्खं वऱ्हाड पाऊण मिनिटाच्या आत. कॅमेरा उचलायचा, खिडकीशी यायचं, नेम धरायचा, तोवर नागपूर गेलेलं. लग्नात अंतरपाट खाली येण्याचा क्षण असाच असतो. दोन सेकंद. तिवशाच्या एका लग्नात मी नेमका त्या वेळी बॅटरी बदलत होतो. मग भटजींच्या पाया पडून अंतरपाट पुन्हा धरायला लावला आणि त्या जोडप्याचं लग्न दुसऱ्यांदा लावलं. अजून सुखात आहेत, दुप्पट पक्कं लागलं म्हणून असेल. पण पृथ्वीला कोण सांगणार, की जरा मागे ये, बॅटरी संपली होती?

म्हणूनच वाटायचं, ज्या माणसानं त्या पाऊण मिनिटात, दुसरं काही चकाकत नसताना, आमच्या काळ्या रानाकडे पाहिलं असेल, तो केवढा पाहणारा असेल!

दिवाळीला आम्ही अकोल्याला गेलो. भाऊबीजेला आत्या माझ्या वडिलांना ओवाळायची. ते गेल्यापासून मला ओवाळते, आणि ओवाळणी घेताना "तुह्या बापाचा हात मोकळा होता" असंही म्हणते. त्या संध्याकाळी स्थानक अकोल्यावरून जाणार होतं. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ खाली अंधारून येतं, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते ताऱ्यासारखं चमकत जाताना दिसतं. मी गच्चीवर तिपाई लावली. बायकोनं आत्याचा हात धरून तिला वर आणलं. सगळ्या शहरात फटाके सुरू. मी वेळ पाहिली, पश्चिमेकडे एक सरकता ठिपका दिसला, मी शटर दाबलं आणि ओरडलो, "ते पाहा!"

"ते लुकलुकून राह्यलं," बायको म्हणाली. "लाल दिवा हाय त्याले. इमान हाय ते, मुंबई-नागपूर."

मी नागपूरच्या विमानाचा तीस सेकंदांचा अत्यंत सुरेख फोटो काढत असताना आत्या दुसरीकडेच पाहत होती, वायव्येला, मान नेहमीसारखी तिरकी करून.

"ते काय चाललं, न लुकलुकता?"

ते खरं स्थानक होतं. शांत, पांढरं, कोणालाही न सांगता निघालेलं. आमच्या दोघांच्या आधी तिला दिसलं होतं. ती म्हणाली, "नीट पाह्यलं की नाईसं होते. जरा बाजूले पाह्यलं की बराबर दिसते." मी वाचलं होतं की अंधूक तारा पाहायचा तर जाणकार लोक असंच करतात, ताऱ्याच्या थोडं शेजारी पाहतात. आत्याला आता सगळं जगच तसं पाहावं लागत होतं. बायकोनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा गुपितं ठेवायला कधीच उपयोगी पडलेला नाही. तिला कळलं.

"आत्ता तो खाली पाहत असंन का?" आत्यानं विचारलं.

"त्याला आपण नाही दिसणार. अंधार आहे खाली."

"नसू दे. आज आपली पाळी हाय पाहाची."

ते डोक्यावरून गेलं आणि आग्नेयेला, पृथ्वीच्या सावलीत शिरून, विझल्यासारखं दिसेनासं झालं. आत्या कितीतरी वेळ तिकडेच मान करून उभी होती.

परतीच्या गाडीत बायको माझ्यावर उखडली. "इतकी मोठी गोष्ट, आन तुमी घरात सांगतली नाई?" मी म्हटलं, आत्यानं मनाई केली होती. ती म्हणाली, "आन फोटो तुमी एकटे शोधून राह्यले! तुमाले फ्रिजमधलं दही सापडत नाई."

त्या दिवसापासून ती रोज रात्रीच्या स्वयंपाकाआधी माझ्या शेजारी बसू लागली. आणि हे सांगताना मला आजही थोडं अवघड होतं: फोटो पाचव्या दिवशी सापडला, आणि मी तो आधी दोनदा पाहून पुढे सरकवला होता. नकाशावर न बसवलेल्या फोटोंच्या ढिगात तो होता; त्याखाली गावाचं नाव नव्हतं, वर्णन नव्हतं. बरीच वर्षं आधीचा, ऑक्टोबरातला, दुपारचा. मला तो आफ्रिकेतला वाटला होता.

"थांबा," बायको म्हणाली. "मागं घ्या. हा गाविलगडाचा डोंगर हाय."

"कशावरून?"

"माह्यं माहेर परतवाड्याचं हाय. वीस वर्षं मी न्हानीच्या खिडकीतून हाच डोंगर पाह्यला. मले नका सांगू."

फोटोच्या वरच्या बाजूला मेळघाटाची गडद, सुरकुतलेली कड होती. तिच्या पायथ्याशी सगळी जमीन काळी-करडी, आणि त्या काळ्या जमिनीवर, उजवीकडून डावीकडे, चांदीचा एक धागा पेटलेला होता. ऊन नेमकं पाण्यावरून उलटून कॅमेऱ्यात शिरलं होतं. आम्हा लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात की सूर्यासमोर कॅमेरा धरू नका. त्या माणसानं मुद्दाम धरला होता. ती चकाकी वरून काही सेकंदच दिसते, नदीवरून धावत जाते आणि संपते. पावसाळा संपून नदी अजून भरलेली, आभाळ धुतलेलं, ऊन त्याच कोनात, आणि खिडकीशी एक माणूस. या सगळ्यांची गाठ पडली तेव्हा पूर्णेचा एक फोटो झाला. त्याखाली काढणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. मी माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत घालतो.

मी तो कॅनव्हासवर छापून घेतला, चार फूट लांब. नवरा-नवरीचे दिवाणखान्यात लावायचे फोटो छापतो, तसा. आणि आम्ही दोघं अकोल्याला गेलो.

आत्याचा उजवा डोळा दिवाळीपासून आणखी उतरला होता. कॅनव्हास पलंगावर पसरला. ती सरळ पाहायला वाकली आणि तिचा चेहरा पडला. "मधात धुकं हाय रे," ती म्हणाली. मला वाटलं, आपण पंधरा दिवसांनी हरलो. मी दोनदा पुढे सरकवला नसता तर...

मग तिनं मान तिरकी केली. खिडकीचं ऊन कॅनव्हासवर येईल अशी बायकोनं पलंगाची बाजू बदलली. आत्या एका कडेपासून सरकत सरकत पाहू लागली, बोटभर तुकडा, मग पुढचा बोटभर तुकडा. काळ्यावर चांदी होती, म्हणून दिसत होतं. असं दहा मिनिटं चाललं. मग तिनं एकदम कपाळावर हात मारला.

"बाप्पा! गजू, हे तर वाकडी हाय!"

"काय वाकडी?"

"पूर्णा! पाहाय न, कशी जाऊन राह्यली. इकडं वळते, मागं येते, पुन्हा तिकडं. शेवयासारखी. आन मी काय काढत होती फळ्यावर? सरळ रेघ!"

"आत्या, नकाशात तसंच दाखवतात—"

"अरे, मीच शिकवत होती पोरीले, का सपाट जमिनीवर नदी आळसावते, वळनं घेते म्हणून. तोंडानं वळनं शिकवली आन हातानं सरळ काढली. कावून? तर तास पस्तीस मिनिटाचा. बत्तीस वर्षं, गजू! बत्तीस वर्षं मी पोरीले नदी नाई, माह्यी घाई शिकवली."

मला वाटलं ती आता रडेल. ती हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. एवढ्या वर्षांची आपली चूक सापडल्यावर कोणी इतकं आनंदानं हसताना मी पाहिलं नाही. माझी एखादी चूक सापडली तर मी प्रथम हवामानावर ढकलतो.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "वैशाली, निळी लोकर हाय का तुह्याजोळ? आन मोठी सुई."

पुढे जे झालं त्यानं माझ्यातल्या फोटोग्राफरच्या काळजात कळ आली. त्या दोघी बायांनी माझ्या चार फुटी कॅनव्हासला सुईनं भोकं पाडायला सुरुवात केली. आत्या तिरक्या मानेनं चांदीचा बोटभर तुकडा पकडायची, बोट ठेवायची, तिथं बायको सुई खुपसायची, आत्या धागा ओढायची. मी म्हटलं, "अगं, फोटो खराब होईल." बायको म्हणाली, "तुमी चहा करा." बायको तिथंच राहिली, मी अमरावती-अकोला येऊन-जाऊन होतो, आणि नऊ दिवसांत मेळघाटाखालून निघून फोटोच्या डाव्या कडेपर्यंत लोकरीची पूर्णा पोचली, एकेका वळणासकट. मग आत्या डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवत बसायची. सकाळी, दुपारी. एका वळणावर थांबून म्हणायची, "इथं आपलं गाव. इथं मी बुडता बुडता वाचली." पुन्हा पुढे. पाठांतर चाललं होतं.

पाठ झाल्यावर तिनं शाळेत फोन केला. तिची एक जुनी विद्यार्थिनी आता तिथं मुख्याध्यापिका आहे. आत्यानं एक तास मागितला. कारण सांगितलं, "शिकवण्यात चूक झाली होती, दुरुस्त कराची हाय."

तुळशीचं लग्न लागून गेलेलं, दोन दिवसांवर मोसमाची पहिली ऑर्डर होती, पण मी गेलोच. नववीचा वर्ग, साठेक मुली. मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या, विद्यार्थिनीसारख्या. माझ्याकडे काम एवढंच, की फळ्याला लागून कॅनव्हास धरायचा आणि आत्याबरोबर सरकत जायचं. आत्यानं डाव्या हाताचं बोट लोकरीवर ठेवलं, उजव्या हातात निळा खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या टोकाला सुरुवात केली.

डावा हात चाले तसा उजवा चाले, फक्त वळणं मोठी काढत. खडू वर गेला, खाली आला, मागे फिरला, पुन्हा पुढे. तिनं घाई केली नाही. मधून मधून सांगत होती, हे वळण अमुक गावाचं, इथं डोंगरातून पाणी येऊन मिळते, इथं विहिरीचं पाणी खारं लागते. मुली पहिल्यांदा कुजबुजत होत्या, मग थांबल्या. फळ्याचा मध्य आला तरी नदी तिच्या बोटाखाली अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी मनात हिशेब केला. फळा पुरणार नव्हता.

तो नाहीच पुरला. डाव्या कडेची लाकडी पट्टी आली, खडू तिच्यावरून टणकन उतरला आणि चुन्याच्या भिंतीवर चालू लागला. पहिल्या बाकावरची एक मुलगी न राहवून उठली, "मॅडम, फळा..." मागून मुख्याध्यापिकाबाईंनी तिला हातानं खाली बसवलं.

"मालूम हाय बाई," आत्या हात न थांबवता म्हणाली. "आवाज बदलला खडूचा. पन नदी कुठी संपली?" आणि मला म्हणाली, "सरक."

मी सरकलो. भिंत, भिंतीवरचं वेळापत्रक, त्याला वळसा, पुन्हा भिंत. दाराच्या चौकटीशी लोकर संपली. आत्यानं बोट उचललं, खडू उचलला आणि पांढऱ्या भिंतीवरच्या त्या निळ्या, वाकड्यातिकड्या लांब रेघेकडे पाठ करून मुलींकडे वळली. त्यांचे चेहरे तिला दिसत नव्हते. सगळ्या मुली मात्र तिच्याकडे नाही, तिच्या मागे पाहत होत्या.

"इथून पुढं तापी लागते," ती म्हणाली. "ते तुमी पाहजा."